सेटची बारावी साक्ष

सकाळी सव्वाअकराला, पहिला चहा अर्धाच झालेला असताना, नवे संचालक बाईंच्या टेबलाशी आले, एक कागद ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुमचा 'सेट' वाचला. काय काम आहे! मी फक्त थोडा बारीक केलाय." इंजेक्शन देणारे 'मुंगी चावल्यासारखं होईल' म्हणतात ना, तोच सूर. बाईंनी चष्मा सावरला, कागद वाचला, मग उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. पुढच्या बाजूला बारा ओळी होत्या, आकडे घातलेल्या, दोन ओळींत एखादं झोपाळू मांजर मावेल इतकी जागा सोडलेली. कोशासाठी बाईंनी 'सेट' या शब्दाचे दिलेले अर्थ सत्त्याण्णव होते. "बाकीचे?" त्यांनी विचारलं. "बाकीचे आहेत की कपाटात! कुठे पळून जातायत?" नवे म्हणाले. "फोनच्या पडद्यावर एका वेळी बाराच मावतात. खाली सरकवत बसायला लोकांना आवडत नाही. संध्याकाळपर्यंत सही करून द्या, उद्या सकाळी आपला 'सेट' लोकांच्या हातात." आपला. बाईंनी त्या शब्दाकडे मान वळवून पाहिलं, तोवर नवे पुढच्या टेबलाशी पोचले होते. माणूस वाईट नव्हता. इथे येण्याआधी विमा कंपनीत होता, मनमिळाऊ होता, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवी. कोशाचं वाटोळं करायला वाईट माणूस लागतो, अशी बाईंची इतकी वर्षं समजूत होती.

राग आला की बाईंच्या कानाच्या पाळ्या आधी तापत, आणि मग हात काहीतरी नीट लावायला बघत. त्यांनी टाचण्यांची डबी, गोंदाची बाटली आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा एका रेषेत आणला. रेषा सरळ आली, राग होता तिथेच राहिला. सत्त्याण्णवातून बारा! फांद्या छाटतात माहीत होतं, इथे तर झाड नेऊन फक्त पाटी ठेवली होती. कोशमंडळ म्हणजे तीन खोल्या, एक व्हरांडा आणि भिंतीभर पत्र्याची कपाटं. काम एकच, आपल्या लोकांच्या तोंडी बसलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश करायचा. ते एकतीस वर्षं चाललं होतं. थोरल्या संपादकांनी 'अ' हाती घेतला तेव्हा सहा वर्षांत 'ज्ञ' गाठू असं छापील पत्रकात म्हटलं होतं. 'ज्ञ'ने सुरू होणारा इंग्रजी शब्द नाही, हे लक्षात यायलाच दोन वर्षं गेली. पण थोरल्यांचा एक नियम होता आणि त्या नियमावर मंडळ उभं होतं. ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. एका अर्थाला एक कार्ड, एका कार्डावर एक वाक्य, आणि ते वाक्य कुणातरी जिवंत माणसाने, आपलं बोलणं कुणी टिपतंय हे ठाऊक नसताना, बोललेलं असलं पाहिजे. खाली बोलणाऱ्याचा धंदा किंवा नातं, वय, ठिकाण, तारीख. त्याला मंडळात साक्ष म्हणत. साक्ष नाही तर अर्थ नाही, मग तो अर्थ जगातल्या सगळ्या कोशांत मांडी घालून बसलेला का असेना. दर सोमवारी प्रत्येकाने दहा साक्षी आणून द्यायच्या. याचा परिणाम असा झाला, की मंडळातल्या लोकांशी मोकळेपणाने बोलायला कुणी तयार होईना. भांडण ऐन रंगात आलेलं असताना बाई पर्समध्ये पेन्सिल शोधायला लागल्या की त्यांचा नवरा हात वर करून म्हणे, "हे बघ, आत्ता मी जे बोललो ते घरगुती होतं."

पहिल्या क्रमांकावर नव्यांनी चहाचा सेट ठेवला होता. ठेवा. चहाच्या सेटशी कुणाचं काय वैर असणार? दुसरा टीव्हीचा, तिसरा दागिन्यांचा, चौथा केस सेट करून घेण्याचा. एकंदरीत दुकानाच्या काचेत मांडता येईल असं सगळं ठेवलं होतं. उडवलेल्यांची एक वेगळी यादी नवे जाताना टेबलाच्या कडेला ठेवून गेले होते आणि तिच्यात समासात शेरे होते. दाताचा सेट : 'सध्या कोण वापरतं?' बाईंच्या पाळ्यांनी पुन्हा पेट घेतला. सासऱ्यांनी एका सकाळी अख्खं घर पायाशी बोलावलं होतं. "माझा सेट कुणी हलवला?" पलंगाखाली, मोरीत, दुधाच्या पातेल्यात, सगळीकडे शोध झाला, आणि अर्ध्या तासाने सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, पण इतकं स्पष्ट बोलताय कसे?" सेट तोंडातच होता. त्या घरात इतकं हसणं त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही फारसं झालं नाही. हे सगळं त्या कार्डाच्या पाठीमागे होतं, आणि त्याच्यावर हा माणूस विचारतो, सध्या कोण वापरतं. वकिलाचा कारकून कानाशी लागून म्हणाला होता, "मॅटर सेट केलंय, तुम्ही फक्त गप्प बसा." शेरा : 'वादग्रस्त.' गवंडी पायरीवरून ओरडला होता, "ओ ताई, पाय नका देऊ, अजून सेट व्हायचंय." शेरा : 'तांत्रिक.' जिन्यात दोन मुली कुजबुजत होत्या, "ती सेट आहे गं त्याच्याशी, तुला आत्ता कळतंय?" शेरा : 'घरात लहान मुलं असतात.' असतात, आणि ती कुठून आली असं या गृहस्थांना वाटतं? बाई हे मनात म्हणाल्या, पण ओठ हलले असावेत, कारण समोरची टंकलेखिका उगीचच खाली बघायला लागली.

आणि हाडाचा सेट. मुलगा नऊ वर्षांचा असताना कुंपणावरून पडला. डॉक्टर कोपर धरून म्हणाले, "सेट करतोय, याचं लक्ष जरा दुसरीकडे वळवा." मुलगा किंचाळत होता. बाईंनी त्याचं डोकं छातीशी धरलं होतं, डोळ्यांना धार लागली होती, हे सगळं खरं. पण डोक्याच्या मागच्या बाजूला एक थंड, नीटनेटकी, पेन्सिल लावलेली बाई बसली होती आणि ती वाक्य पाठ करत होती, हेही खरं. "पुन्हा एकदा म्हणता का?" असं त्या डॉक्टरांना म्हणाल्या होत्या. मुलगा अजून ऐकवतो. "आई, माझा हात मोडला होता आणि तू शुद्धलेखन तपासत होतीस." आता तो परदेशात असतो आणि फोनवर बोलताना इंग्रजी शब्द जपून वापरतो. सत्त्याण्णव कार्डं म्हणजे सत्त्याण्णव वेळा कुणाच्या तरी दुखण्यात, हसण्यात, लबाडीत आपण अर्ध्याच हजर होतो, उरलेली अर्धी बाई लिहून घेत होती. ही किंमत आपण भरली. उधळायचा हक्कही मग आपला. विमा कंपनीतून आलेल्या कुणाचा नाही.

मग बाराव्या ओळीवर नजर गेली. '(मन, आयुष्य) जागच्या जागी बसणे, रुळणे : "आता माझं एकटीचं अगदी सेट झालंय, तू काळजी करू नकोस." आई, वय एकाहत्तर, फोनवर.' आणि बाजूला नव्यांच्या हिरव्या शाईत : 'बेस्ट! किती पॉझिटिव्ह! हे पहिल्या क्रमांकावर घ्यायचं का?'

बाईंच्या कानाच्या पाळ्या एकदम गार पडल्या.

आई हे म्हणालीच नव्हती. बावीस वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी दहाऐवजी नऊ साक्षी झाल्या होत्या आणि थोरले संपादक पावणेबाराला गठ्ठा मागत. साडेअकरा होऊन गेले होते. अर्थ माहीत होता, लोक तसं बोलतात हेही माहीत होतं, फक्त बाईंच्या कानांवर पडलेलं नव्हतं. त्यांनी दहावं कार्ड ओढलं आणि लिहिलं. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. अक्षर इतकं वळणदार आलं की थोरल्यांनी तेवढं एक कार्ड बाजूला काढून वाचलं आणि "तुमच्या आई गोड बोलतात," असं म्हणाले. थोरले कुणाला गोड म्हणत नसत. वडील गेल्यावर आई त्या दुसऱ्या गावी, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, एकटी राहत होती. नऊ तासांचा प्रवास. "ये ना आमच्याकडे," असं बाई दर भेटीत म्हणत, पण म्हणताना आपल्या घरात तिसरी खोली नाही हेही कुठल्यातरी बोलण्यात येईल अशी व्यवस्था करत. रविवारी दहाला बाई फोन करत, आई टाकीच्या पाण्याचं सांगे, वरच्या मजल्यावर सरकवलेल्या खुर्च्यांचं सांगे, आणि सातव्या-आठव्या मिनिटाला बाईंची नजर घड्याळाकडे जाई. त्या रविवारी आईने एकच गोष्ट मागितली. साधं वाक्य, इंग्रजी शब्द औषधालासुद्धा नाही. बाई म्हणाल्या, "आई, गॅसवर आहे काहीतरी." गॅसवर काहीही नव्हतं. शेगडी पुसून स्वच्छ केलेली होती, तिच्यात खिडकी दिसत होती. आणि दुसऱ्या दिवशी त्याच हाताने बाईंनी आईच्या तोंडी घालून दिलं, की तू काळजी करू नकोस. कोशाला एक साक्ष कमी पडत होती, हे खरं. पण लिहून झाल्यावर जो हलकेपणा आला होता, तो काही कोशाला आलेला नव्हता. आई तिथून आठव्या महिन्यात गेली. त्यानंतर तोच अर्थ बाईंनी बसमध्ये, लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या बाकावर शंभर वेळा ऐकला. कार्ड बदलता आलं असतं. दर वेळी पेन्सिल काढली आणि दर वेळी आत ठेवली. ते वाक्य आता खोटं वाटेनासं झालं होतं. कधी कधी तर ते आईच्या आवाजात ऐकू येई, तिच्या त्या किंचित बसलेल्या आवाजात, आणि मग बाईंना शांत झोप लागे. आता ते उद्या सकाळी लोकांच्या हातात जाणार होतं. गावोगावच्या मुली ते वाचतील, आणि त्यांना वाटेल, बघा, आया अशा म्हणतात.

मंडळात खोटी साक्ष एकदाच सापडली होती. एका साहाय्यकाने 'फॅन'खालची दोन वाक्यं घरबसल्या रचली होती. थोरले त्याला रागावलेही नाहीत. त्यांनी त्याची चारशे कार्डं टेबलावर मांडली आणि विचारलं, "आता यातली खरी कुठली, ते मला कसं कळणार?" साहाय्यक दुसऱ्या दिवशी आला नाही. मग बाकीच्यांनी सात महिने घालवून त्याची चारशेच्या चारशे पुन्हा तपासली. म्हणजे बाईंनी तोंड उघडलं तर एक कार्ड जाणार नव्हतं, सत्त्याण्णवांवर पाणी पडणार होतं. सासऱ्यांचे दात, गवंड्याची ओरड, मुलाचा हात, सगळं खोट्या बाईचं म्हणून. आणि गप्प बसलं तर सही करायची, चहा पूर्ण करायचा, संपलं. चहावर साय धरली होती. बाईंना सगळ्यात जास्त संताप याचा आला, की हा निर्णय आपल्याला पंचाऐंशी अर्थ कापणाऱ्या माणसाच्या हिरव्या शाईमुळे घ्यावा लागतोय. आपल्या पापाला निदान दर्जेदार पकडणारा मिळायला हवा होता.

त्या उठून कपाटाशी गेल्या. तिथे कपाटवाले बसत. एकतीस वर्षांत त्यांनी एक कार्ड हरवलं नव्हतं आणि एक वाक्य जास्त बोलले नव्हते. "सेट, कार्ड ब्याण्णव," बाई म्हणाल्या. त्यांनी न बघता खण ओढला. "मूळ कार्ड खोलीबाहेर एकटं जात नाही," ते म्हणाले. "मग चला बरोबर." कपाटवाल्यांनी खणाला कुलूप घातलं, कार्ड दोन बोटांत धरलं आणि एखाद्या आजारी माणसाला पोचवायला निघाल्यासारखे मागोमाग आले.

"या, या! सही झाली?" नवे म्हणाले.

"हे बारावं वाक्य काढा."

"अहो, तेच तर हिरो आहे!"

"ते खोटं आहे. माझ्या आईनं असं कधी म्हटलं नाही. मी रचलं." बावीस वर्षं हे वाक्य बाईंच्या मनात फार मोठं झालेलं होतं. बाहेर पडताना ते खोलीत मावणार नाही, खिडक्या उडतील, असं त्यांना वाटलं होतं. खिडक्या जागेवर होत्या. मागे कपाटवाल्यांचा श्वास मात्र एकदा अडकल्याचं ऐकू आलं.

"अच्छा," नवे म्हणाले. "म्हणजे मूळ वाक्य तुमचं?"

"माझं."

"मग झालं तर! आईच्या जागी तुमचं नाव टाकू. संपादक, वय... किती तुमचं?"

"त्रेसष्ट," कपाटवाले सवयीने म्हणाले आणि लगेच ओशाळले.

"आणि राहता एकट्याच ना हल्ली? मिस्टर गेल्यापासून?" नवे खरोखरच आनंदले होते. कुणाचा तरी प्रश्न सुटला की त्यांना आनंद होई. "मग साक्ष खोटी कशी? उलट आता खरी झाली. बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता. कोण विचारायला येतंय?"

बाईंना वाटलं होतं, हा ओरडेल. निदान खुर्चीतून उठेल, दार लोटून घेईल, 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती' म्हणेल. इतकी वर्षं त्यांनी त्या ओरडण्याची तयारी केली होती, उत्तरं घासूनपुसून ठेवली होती. या माणसाने आपल्याला गुन्हेगार ठरवण्याएवढीसुद्धा इज्जत दिली नाही. खोटं आणि खरं यांच्यात याच्या लेखी फक्त नाव बदलायचं अंतर होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे एक क्षणभर त्यांना ते पटलं. एकटीचं चालू होतंच की. सकाळी एक कप, संध्याकाळी एक कप, मधे कार्डं. मुलाचा फोन आला की चार मिनिटांत आपणच म्हणायचं, "चल, ठेवते, तुझी कामं असतील." त्याला कधी गॅसचं नाव घ्यावं लागू नये म्हणून आपणच आधी ठेवायचा. फोन ठेवल्यावर हात बराच वेळ त्याच्यावर राहतो, ते कुणी बघत नाही. याला 'सेट झालंय' म्हणायचं? बाईंच्या पाळ्या, मान, चेहरा, सगळं एकाच वेळी पेटलं.

"माझं काही सेट झालेलं नाही!" त्या इतक्या मोठ्यांदा म्हणाल्या की बाहेर टंकयंत्र थांबलं. "एवढंसुद्धा झालेलं नाही. आणि तिचंही झालेलं नव्हतं. कुणाचं होत नसतं, लोक आपल्याला बरं वाटावं म्हणून तसं म्हणतात, आणि आपण बरं वाटून घेतो!"

कपाटवाल्यांनी खिशातून पेन्सिल काढली होती. कोऱ्या कार्डावर त्यांनी तारीख घातली, मग ठिकाण, मग वाक्य. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आपल्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी टिपलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. चमत्कारिक वाटतं. आपलंच काहीतरी कुणीतरी उचलून उजेडात धरल्यासारखं. नवरा का वैतागत असे, ते कळलं.

"हे घ्या खरं," कपाटवाले नव्यांना म्हणाले आणि कार्ड पुढे केलं.

नव्यांनी वाचलं. "पण हे तर निगेटिव्ह आहे," ते काकुळतीने म्हणाले. "बघा बाई, मला भांडायचं नाहीये. उगाच एक विचारू? मग आई म्हणाल्या काय होत्या? तेच घालू या. खरं तर खरं."

खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी ते वाक्य कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. सांगताना त्यांचा आवाज आपोआप किंचित बसला.

"ती म्हणाली होती, 'लगेच ठेवू नकोस गं. बोलायला नसेल काही तर नको बोलूस. नुसता धरून ठेव.'"

नव्यांनी बोटं मोजल्यासारखी टेबलावर हलवली आणि प्रामाणिकपणे विचारलं, "पण यात 'सेट' कुठाय?"

"नाहीच आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मला खोटं लिहावं लागलं."

त्यांनी सहीचा कागद नव्यांच्या पुढ्यात परत सारला. सहीची जागा तशीच होती. मग कपाटवाल्यांच्या हातातलं जुनं कार्ड घेतलं, त्यावर आडवं 'रद्द, खोटी साक्ष' असं लिहिलं आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. अक्षर वेडंवाकडं आलं. "सगळी सत्त्याण्णव माझ्या टेबलावर काढा," त्या कपाटवाल्यांना म्हणाल्या. "एकेक पुन्हा तपासायचंय. जे बोलले त्यांतले जिवंत असतील त्यांना विचारायचं, नसतील त्यांच्या घरच्यांना. तोवर 'सेट' कुठेही जाणार नाही."

"आत्ता?" कपाटवाल्यांनी विचारलं.

"आत्ता."

"अहो, पण उद्या सकाळी जायचंय!" नवे आता मात्र उठून उभे राहिले. "सात-आठ महिने जातील यात! सगळं थांबवायचं? बाई, एका वाक्यासाठी?"

"हो," बाई दाराशी थांबून म्हणाल्या. "तिनं तरी एकच मागितलं होतं."